सेवासदनच्या रमाबाई आणि नर्सिंगचा फॉर्म

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी आमच्या मंडळात आया आणि मुली येऊ लागतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत मार्कशीट, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, चार पासपोर्ट फोटो. नर्सिंगला घालायचं म्हणतोय, असं आई सांगते. मग प्रश्न सुरू होतात. बीएस्सी करावं की जीएनएम? पुण्याला पाठवावी की जवळच्या गावातलं कॉलेज बरं? फी किती, राहायचं कुठे? आणि मुलगी जरा बाजूला गेली की आवाज उतरतो. रात्रपाळी असते म्हणे. पुरुष पेशंटनाही हात लावावा लागतो म्हणे. उद्या लग्नाच्या वेळी कुणी काही बोलणार तर नाही ना?

मैत्रिणींनो, हे प्रश्न ऐकताना मला हटकून आठवतात त्या रमाबाई रानडे. कारण शंभराहून जास्त वर्षांपूर्वी, याच पुण्यात, हेच प्रश्न घेऊन लोक त्यांच्याकडे येत होते. तेव्हा तर बोलायला आवाज उतरवण्याचीही गरज कुणाला वाटत नव्हती. लोक तोंडावर बोलत.

'उंच माझा झोका' ही मालिका २०१२ साली झी मराठीवर लागली, तेव्हा घरोघरी छोटी रमा पोचली. ती परकरातली पोर, तिची पाटी, तिला शिकवणारे न्यायमूर्ती रानडे आपल्या सगळ्यांना आठवतात. पण रमाबाईंनी स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं मोठं काम त्यानंतरचं आहे. ते सुरू झालं तेव्हा त्या चाळिशी ओलांडलेल्या होत्या. आपल्यासारख्या बायकांना ते ठाऊक हवं, म्हणून आज त्यांच्याविषयी लिहिते आहे.

रमाबाईंचा जन्म १८६२ सालचा, देवराष्ट्रे गावचा. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगावही तेच. माहेरचं आडनाव कुर्लेकर. घर खातंपितं, पण मुलींना अक्षरओळख करून देण्याची पद्धत त्या घरात नव्हती. १८७३ साली अकरा वर्षांच्या रमाचं लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झालं. ते बत्तिशीच्या घरात होते आणि त्यांची पहिली पत्नी नुकतीच वारली होती. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या माणसाने लहान मुलीशी लग्न केलं म्हणून त्यांच्यावर टीकाही खूप झाली. वडिलांच्या शब्दापुढे ते नमले होते. पण लग्नानंतर त्यांनी एक गोष्ट लगेच केली. बायकोच्या हातात पाटी दिली.

आधी मराठी, मग इंग्रजी. ऐकायला सोपं वाटतं. पण रानड्यांचं घर म्हणजे मोठं, भरलेलं एकत्र कुटुंब. नणंद, सासू आणि नात्यातल्या थोरल्या बायका. नवरा रात्री शिकवायचा आणि दिवसा घरातल्या बायका त्याचा हिशेब घ्यायच्या. टोमणे, अबोला, मुद्दाम सांगितलेली कामं. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज काढला. रमाबाई त्यांच्या सभांना जाऊ लागल्या, तेव्हा घरातला राग आणखी वाढला. सभेहून आलेल्या सुनेला सोवळ्यातल्या कामाला हात लावू द्यायचा नाही, अशी शिक्षा झाली. रमाबाईंनी उलट उत्तर दिलं नाही आणि सभाही सोडली नाही.

हे सगळं त्यांनी पुढे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात लिहिलं. ते १९१० साली आलं आणि आजही वाचावं असं आहे. त्यात घरातल्या बायकांबद्दल कडवटपणा जवळजवळ नाही. मला त्याचं फार वाटतं. त्या बायका दुष्ट नव्हत्या, घाबरलेल्या होत्या, हे रमाबाईंनी ओळखलेलं दिसतं. घराला नेमकं कशाचं भय वाटतं याचा हा अभ्यास त्यांना पुढे कामाला आला, असं मला वाटतं.

१८९३ साली रानडे मुंबईला हायकोर्टात न्यायमूर्ती झाले. तिथे रमाबाईंनी स्त्रियांचा क्लब चालवला. भाषा, सामान्यज्ञान, शिवणकाम असे वर्ग घेतले. १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे गेले. रमाबाईंना मूलबाळ नव्हतं. त्या पुण्याला परत आल्या आणि वर्षभर घराबाहेरच पडल्या नाहीत. आपल्याकडे एरवी अशा बाईची गोष्ट इथेच संपते. रमाबाईंची इथून सुरू झाली.

हळूहळू त्या येरवड्याच्या तुरुंगातल्या बायकांना भेटायला जाऊ लागल्या. इस्पितळातल्या रोग्यांना फळं, फुलं, पुस्तकं नेऊन देऊ लागल्या. मुंबईत १९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी सेवासदन सुरू केलं, त्याचं अध्यक्षपद रमाबाईंकडे आलं. पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९०९ ला, पुण्यात सेवासदन निघालं. तेही रमाबाईंच्या स्वतःच्या घरात. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या पाठीशी होते. धावपळ, हिशेब, पत्रव्यवहार देवधर बघायचे. पण कुठल्याही घरातली सून-लेक सेवासदनात यायची ती रमाबाईंच्या नावावर विश्वास ठेवून.

येत कोण असत? कोवळ्या वयात विधवा झालेल्या, नवऱ्याने टाकलेल्या, भावाच्या घरी दोन वेळच्या अन्नासाठी राबणाऱ्या. काही जणी चांगल्या संसारी बायका, दुपारी कामं आवरून वर्गाला येणाऱ्या. या सगळ्यांना नुसतं वाचायला शिकवून भागणार नव्हतं. हातात चार पैसे येतील असं काही हवं होतं. म्हणून सेवासदनात शिवण आणि हस्तकला आली, शिक्षिका तयार करण्याचं काम आलं, आणि नर्सिंग आलं.

यातलं शिक्षिकेचं काम लोकांनी त्यातल्या त्यात लवकर स्वीकारलं. नर्सिंगवरून मात्र गदारोळ झाला. तो का झाला हे समजून घ्यायला हवं. इस्पितळात कुठल्याही जातीच्या रोग्याला हात लावायचा. रक्त, मलमूत्र काढायचं. सुईणीचं काम तर त्या काळी हलकंच मानलं जाई. रात्री घराबाहेर राहायचं. परक्या पुरुषांच्या खोलीत वावरायचं. त्या वेळी इस्पितळांतल्या परिचारिका मुख्यतः युरोपियन, अँग्लो-इंडियन किंवा ख्रिस्ती असत. पेठेतल्या ब्राह्मण घरातल्या विधवेने हे काम करायचं, म्हणजे धर्मही बुडाला आणि अब्रूही गेली, असंच लोकांना वाटे.

आजाऱ्याची सेवा पुण्याला नवी होती असं नाही. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुल्यांनी रोग्यांना उचलून आपल्या मुलाच्या, डॉक्टर यशवंतच्या दवाखान्यात नेलं. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. आणि घराघरात तर बायका पिढ्यान्‌पिढ्या सासू-सासऱ्यांची, बाळंतिणींची, तापाने फणफणलेल्या लेकरांची सेवा करतच होत्या. रात्री जागत होत्या, अंथरुणं धूत होत्या. तेव्हा कुणाचा धर्म बुडत नव्हता. तेच काम शिकून, परीक्षा देऊन, पगार घेऊन करायचं म्हटलं की लोकांच्या कपाळाला आठ्या पडत.

रमाबाईंनी नेमका तोच भाग धरून ठेवला. शिक्षण, परीक्षा, पगार. सेवासदनच्या बायका शिकायला ससून रुग्णालयात जाऊ लागल्या. १८६७ पासून चाललेलं, पुण्यातलं तेव्हाचं सगळ्यात मोठं सरकारी इस्पितळ ते. म्हणजे शिकणं खरं, रोगी खरे, दाखला खरा. पण बाई राहणार कुठे? तर सेवासदनने शिकाऊ परिचारिकांसाठी वसतिगृह काढलं. जेवणखाण, सोवळं-ओवळं, जाण्यायेण्याची सोय, लक्ष ठेवायला जबाबदार बाई. ज्यांना ऐपत नाही त्यांच्यासाठी वर्गण्या आणि देणग्या जमवल्या. घराच्या एकेका भीतीला त्यांनी असं एकेक उत्तर तयार ठेवलं. भाषणं त्यांनी केलीच, पण भाषणाने मुलीला पाठवायला तयार झालेला बापही वसतिगृह बघितल्याशिवाय ट्रंक बांधत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

त्यांच्या चरित्रांमधून एक प्रसंग सांगितला जातो. एका वार्षिक समारंभात बक्षिसं वाटली जात होती. एक तरुण विधवा आपलं बक्षीस घ्यायला उभी राहिली. केशवपन केलेलं, अंगावर लाल आलवण. गॅलरीतल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी तिची टिंगल सुरू केली. रमाबाई एरवी मृदू बोलणाऱ्या. पण शेवटी बोलायला उठल्या तेव्हा त्यांनी त्या पोरांची चांगलीच कानउघाडणी केली. तुम्ही स्वतःला शिकलेले म्हणवता ते कशावरून, असं विचारलं. तुमच्यापैकी प्रत्येकाच्या घरी एखादी बहीण, मावशी, आत्या, कदाचित आईसुद्धा याच वेशात असेल, तिची आठवण ठेवली असतीत तर हसला नसतात, असं सुनावलं. सभागृह गप्प झालं. मला त्या तरुण मुलीचं कौतुक वाटतं. हसू ऐकूनही ती बक्षीस घ्यायला चालत गेली.

हळूहळू चित्र पालटलं. सेवासदनच्या परिचारिका आणि सुइणी शिकून बाहेर पडू लागल्या, नोकरीला लागू लागल्या. एकीचं बघून दुसरी आली. भावाच्या घरी ओझं ठरलेली बहीण घरी पैसे पाठवू लागली की भावजयही तिच्याविषयी जरा जपून बोलते, हे काय मी तुम्हाला सांगायला हवं!

रमाबाई शेवटपर्यंत कामात होत्या. मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी त्या झगडल्या. मुंबई इलाख्यात स्त्रियांना मताचा हक्क मिळावा यासाठीच्या चळवळीत पुढे होत्या. आषाढी-कार्तिकीला सेवासदनच्या बायकांना घेऊन आळंदीला जायच्या, तिथे वारकरी बायकांची देखभाल करायच्या. १९२४ साली त्या गेल्या. १९६२ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, भारत सरकारने त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर साड्या घ्यायला आपण जातो, त्याच रस्त्यावर सेवासदन आजही आहे. पुढच्या खेपेला जाल तेव्हा क्षणभर थांबून बघा.

आता त्या फॉर्मकडे येते. रमाबाईंच्या काळी ससून हे एक दार होतं. आज दारं इतकी आहेत की मुली गोंधळतात. म्हणून आधी थोडी माहिती.

एएनएम हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, कुठल्याही शाखेच्या बारावीनंतरचा. गावच्या आरोग्य उपकेंद्रात आपल्याला भेटते ती सिस्टर बहुधा हेच शिकलेली असते. जीएनएम तीन वर्षांचं. तेही कला शाखेच्या मुलीला मिळू शकतं, बारावीला इंग्रजी आणि किमान ४० टक्के हवेत. बीएस्सी नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. तिला बारावी सायन्स, म्हणजे भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं. खुल्या गटाला किमान ४५ टक्के. वय सतरा पूर्ण हवं. जीएनएम केलेल्या मुलीला पुढे पोस्ट बेसिक बीएस्सी करून पदवी घेता येते, तेव्हा सायन्स नाही म्हणून रडत बसू नका.

२०२३ पासून महाराष्ट्रात बीएस्सी नर्सिंगसाठी राज्याच्या सीईटी सेलची वेगळी प्रवेश परीक्षा सुरू झाली. त्यात विज्ञानाच्या विषयांबरोबर इंग्रजीवरही प्रश्न असतात. एएनएम आणि जीएनएमसाठीही सीईटी झाली आहे. भारती विद्यापीठ, सिंबायोसिस, डी. वाय. पाटील अशा अभिमत विद्यापीठांचे प्रवेश वेगळे, त्यांचे फॉर्म वेगळे. पुण्याच्या एएफएमसीतल्या नर्सिंग कॉलेजात मुलींना लष्करी परिचारिका होता येतं, पण त्यासाठी नीटची परीक्षा द्यावी लागते आणि पुढे लष्करात नोकरी करण्याचं बंधन असतं. म्हणजे एकच फॉर्म भरून घरी बसायचं नाही. कुठली परीक्षा कुठल्या कॉलेजला चालते, हे बारावीचं वर्ष सुरू होतानाच वहीत लिहून काढायचं आणि शेवटच्या तारखा कॅलेंडरवर टाकायच्या. दरवर्षी नियम थोडेफार बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचायची. शेजारणीच्या मुलीला गेल्या वर्षी काय विचारलं यावर विसंबायचं नाही.

आणि दोन-तीन ठिकाणी नंबर लागला तर? तेव्हा मी रमाबाईंच्याच वाटेने जायला सांगते.

शिक्षण खरं आहे का? कॉलेजला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, पदवीसाठी ते नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेलं आहे की कुठल्या अभिमत विद्यापीठाचं आहे, हे कागदावर बघायचं. मान्यता नसेल तर शेवटी कौन्सिलकडे नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही. गुळगुळीत कागदावरचं माहितीपत्रक म्हणजे मान्यता नव्हे.

रोगी खरे आहेत का? कॉलेजचं स्वतःचं रुग्णालय किती खाटांचं, मुलींना कुठल्या वॉर्डात नेतात, बाळंतपणाचा, लहान मुलांचा, अपघाताचा अनुभव मिळतो का, हे तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींना विचारायचं. त्या खरं सांगतात. इमारत चकाचक आणि वॉर्ड रिकामा असेल तर मुलगी शिकणार कुणावर? सरकारी रुग्णालयात गर्दी असते, जिने कळकट असतात, पण हात तिथे बसतो.

राहायचं कुठे? वसतिगृह आवारात आहे का, रात्रपाळीनंतर मुली परत कशा येतात, वॉर्डन कोण, आजारी पडली तर बघतं कोण. आईने स्वतः जाऊन बघायचं. संडास-बाथरूमसुद्धा.

आणि पैसे. फी फक्त पहिल्या वर्षाची विचारू नका. चारही वर्षांची, वसतिगृहाची, मेसची, युनिफॉर्मची, परीक्षेची मिळून मांडा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, मराठा आणि ओबीसी गटांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी शिष्यवृत्ती आहेच. पण ही माफी सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून आलेल्या मुलीला मिळते. व्यवस्थापन कोट्यातून किंवा अभिमत विद्यापीठात घेतलं तर मिळत नाही. दोन कॉलेजांतून निवडताना कित्येक घरांचा निर्णय इथेच होतो. काही ठिकाणी शिक्षण झाल्यावर त्यांच्याच रुग्णालयात काही काळ काम करण्याचा बाँड लिहून घेतात. तो वाईटच असतो असं नाही, पण सही करण्याआधी किती वर्षं आणि किती पगारावर, हे वाचायलाच हवं.

पगाराबद्दल विचारायला आपल्या बायकांना संकोच वाटतो. सेवेचं काम आहे, पैशाचं काय बोलायचं, असं कुणीतरी म्हणतं आणि आपण गप्प बसतो. सेवासदनच्या नावातच सेवा होती. तरी रमाबाईंनी बायकांना फुकट राबायला पाठवलं नाही, पोटापुरतं मिळेल असं शिकवूनच पाठवलं. त्या मुलींना दयेवर जगायचं नव्हतं. आपल्या मुलींनाही नको आहे.

पुण्यात कर्वेनगरला महर्षी कर्व्यांच्या संस्थेचंही नर्सिंग कॉलेज आहे. ज्या हिंगण्यात कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम बांधला, तिथेच आज परगावच्या मुली पांढऱ्या युनिफॉर्मात वर्गाला जातात. त्यांच्यात कुणाची आजी निरक्षर असेल, कुणाची आई चौथी शिकलेली.

राहता राहिला तो लग्नाचा प्रश्न. त्यावर मी त्या आईला एवढंच विचारते, की तुमच्या घरात मागच्या दहा वर्षांत कोण कोण दवाखान्यात ॲडमिट होतं आणि रात्री दोन वाजता सलाईन संपल्यावर धावत कोण आलं होतं. बहुतेकींना त्या सिस्टरचं नावसुद्धा आठवतं. मग आम्ही फॉर्म भरायला घेतो. पिशवीतला उत्पन्नाचा दाखला मुदतीतला आहे ना, ते आधी बघा हं.